रानतुळस, पण कोणती?

“सर, ही रानतुळस ना?”

२०१७ सालची दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मावळातल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळात मी महिन्यातून एकदा जातो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे भिंगे, तापमापी, लोलक असले काहीतरी बरोबर नेतो आणि मुलांकडून लहानसहान प्रयोग करवून घेतो. त्या दिवशी नववीतल्या एका मुलाने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फांदी काढली आणि माझ्यापुढे धरली. फांदी कोमेजली होती, पण तिचा वास वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचला.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. परंतु आपल्याकडे विज्ञान शिकवणाऱ्याला सगळे विज्ञान येते असे मुलांना वाटते, आणि खरे सांगायचे तर ते आपल्याला आवडतेही. मी खोड बोटांत फिरवून पाहिले. ते चौकोनी होते. पाने समोरासमोर जोडीने आलेली, आणि एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर तिच्या वरची दक्षिणोत्तर. वास उग्र, पण तुळशीच्या वासाला जवळचा. वाळलेल्या फळांतून काळे बी निघाले. ते मी पेल्यात पाणी घेऊन त्यात टाकले. पाचसात मिनिटांत प्रत्येक बियाभोवती पांढुरका, बुळबुळीत लेप चढला. अगदी फालुद्यातल्या सब्जासारखा! मुले आनंदली. चार पुरावे हाती होते. मी निकाल दिला, “ही रानतुळस. सब्जाची सख्खी बहीण.”

निकाल देऊन थांबलो असतो तर बिघडले नसते. शाळेच्या मागे मुरमाड उताराची एक टेकडी आहे. तुळशीच्या कुळातील झाडांवर मधमाश्या येतात, तेव्हा हे बी तिथे टाकावे, असे मीच सुचवले. मुलांनी पोतेभर वाळकी फळे गोळा केली आणि २०१८ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, ती उतारावर उधळली. उगवण उत्तम झाली. ऑक्टोबरात तिथे कमरेएवढे दाट रान माजले होते. आत शिरले की वाळलेली फळे कपड्यांना चिकटत. त्याच उतारावर शेळ्या चारणारी एक आजी मला वाटेत भेटली. ती म्हणाली, “मास्तर, ह्यो काय पाला लावून ठिवलाय? शेरडं त्वांड बी लावत न्हाईत. गवत तेवढं गेलं.”

दुसऱ्या दिवशी ती फांदी घेऊन मी आमच्याच महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे गेलो. माझे चारही पुरावे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक वाळलेले फळ चिमटीत धरून दहा पटीच्या भिंगाखाली ठेवले आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही सगळीकडे पाहिलंत, फक्त इथे पाहिलं नाहीत.”

बाईंनी काय दाखवले ते पुढे सांगतो. त्याआधी माझे पुरावे कुठे लंगडे पडले ते पाहू. कारण उद्या तुमच्याही हाती अशी फांदी येईल आणि तुम्हीही याच वाटेने जाल.

चौकोनी खोड आणि समोरासमोर पाने ही खूण खरी आहे. पण ती तुळशीची नाही, सबंध कुळाची आहे. या कुळाला आज लॅमिएसी म्हणतात. जुन्या पुस्तकांत ते लॅबिएटी, म्हणजे ओठासारख्या फुलांचे कूळ, या नावाने आढळेल. पुदिना, ओवापान, माळावरचा तुंबा ही सगळी याच कुळातली. इतकेच नव्हे, तर घाणेरीचे खोडही चौकोनी असते, पाने समोरासमोर असतात आणि तिलाही उग्र वास असतो. पण तिचे कूळ वेगळे आहे. खोडाच्या चार कोपऱ्यांत जाड भित्तीच्या, चिवट पेशींचे पट्टे असतात. विजेच्या तारांचा मनोरा उभारताना लोखंडाचे कोन चार कोपऱ्यांना का लावतात, याचा विचार केलात तर कमी द्रव्यात वाकण्याला जास्त विरोध कसा होतो ते कळेल. पदार्थविज्ञानाच्या माणसाला ही रचना मोह घालते, आणि मलाही तिनेच भुलवले असावे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. म्हणून १०० अंश तापमानाची प्रत्येक वस्तू पाणी ठरत नाही. आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला हा फरक मी वर्गात फळ्यावर दरवर्षी लिहितो.

आता वास. तुळशीचे एक ताजे पान घ्या, उजेडाकडे तिरपे धरा आणि भिंगातून पाहा. पृष्ठभागावर चमकणारे बारीक ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी होत. सब्जाच्या पानावरील मोठ्या ग्रंथीचे डोके चार पेशींचे असते. त्या पेशी बाष्पनशील तेल तयार करतात आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली ते साठवतात. पापुद्रा शाबूत असतो तोवर तेल हळूहळू बाहेर पडते. बोटांनी पान चुरगळले की पापुद्रे फुटतात आणि वास एकदम दरवळतो. या तेलातले लिनलूल सुमारे १९८ अंशांना आणि युजेनॉल सुमारे २५४ अंशांना उकळते. म्हणजे ही द्रव्ये पाण्याहून कितीतरी कमी उडणारी. तरीही आपल्या नाकाला त्यांचे अत्यल्प रेणू पुरतात.

तर नाकाला जे कळते ते रेणू, झाड नव्हे. लवंगेचा वास युजेनॉलचा असतो. रामतुळशीच्या पुष्कळ झाडांना लवंगेचा वास येतो, तोही युजेनॉलचाच. लवंग आणि रामतुळस यांचे नाते मात्र दूरचे. दुसरीकडे, याच रामतुळशीच्या काही झाडांत युजेनॉलऐवजी थायमॉल हे मुख्य द्रव्य असते. ओव्याचा वास असतो तेच हे थायमॉल. जात एक, फुले एक, बी एक. आणि वास दोन! अशा भेदांना रासायनिक वाण म्हणतात. आपल्याकडच्या खऱ्या रानतुळशीचे तर आणखी प्रकार. तिच्या काही वाणांत गवती चहाच्या वासाचे सिट्रल असते, तर काहींत कापूर. मावळातल्या मुलाने आणलेल्या झाडाच्या तेलात पुष्कळदा सिनिओल सापडते, आणि सिनिओल तर निलगिरीच्या तेलात भरपूर असते. म्हणजे केवळ वासाच्या आधाराने ओळख पटवू गेलो तर एका जातीच्या दोन जाती होतील आणि दोन कुळांची एक जात होईल.

राहिला माझा लाडका पुरावा, बुळबुळीत बी. सब्जाच्या बियाच्या बाहेरच्या पेशींत पेक्टिनसारखी द्रव्ये सुकून बसलेली असतात. पाणी लागताच ती फुगतात, पेशींच्या भिंती फोडून बाहेर येतात आणि बियाभोवती पाणी धरून ठेवतात. समजा, बी २ मिलिमीटर व्यासाचा गोल आहे आणि भोवती १ मिलिमीटर जाडीचा लेप चढला. व्यास दुप्पट झाला, म्हणजे आकारमान आठपट. चमचाभर सब्जा भिजवल्यावर वाटी का भरते ते या हिशेबातून कळते. कोरड्या माळावर पडलेल्या बियाला पहिल्या सरीचे पाणी धरून ठेवायला आणि मातीला चिकटून राहायला हा लेप उपयोगी पडतो.

पण अळीव भिजवले तरी असेच होते, आणि अळीव मोहरीच्या कुळातले. इसबगोलाचेही तेच, त्याचे कूळ तिसरेच. ज्या झाडाला मी रानतुळस म्हणालो त्याचे बीही असेच फुगते. मेक्सिकोतील कोलिमा भागात ते बी भाजून, दळून त्याचे एक पेय करतात. याउलट रामतुळस अस्सल तुळशीच्या प्रजातीची, पण तिचे बी पाण्यात टाकले तर लेप येतो न येतो. माझी परीक्षा अशी दोन्ही बाजूंनी नापास झाली. परक्याला तिने घरात घेतले आणि घरच्याला बाहेर काढले असते.

आता बाईंच्या भिंगाखाली या.

फुलाच्या तळाशी हिरवा पेला असतो तो निदलपुंज, हे तुम्ही शिकला आहात. बहुतेक फुलांत पाकळ्या गळल्यावर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तुळशीच्या कुळात मात्र तो फळ पिकेपर्यंत टिकतो आणि वाढतोही. म्हणून फुले नसली, झाड वाळून काड्या झाल्या, तरी निदलपुंज साक्ष द्यायला हजर असतो. घरच्या वृंदावनातल्या तुळशीची वाळलेली मंजरी घ्या. निदलपुंजाला पाच दाते असतात, पण ते सारखे नसतात. वरचा एक दाता मोठा, रुंद, गोलसर असतो आणि त्याच्या कडा खाली नळीवर उतरलेल्या असतात. भाताच्या लावणीच्या वेळी बायका पाठीवर इरले घेतात ना, तसा तो उरलेल्या पेल्यावर आडवा येतो. बाजूचे दोन दाते लहान आणि खालचे दोन अणकुचीदार. वर एक इरले आणि खाली चार टोके ही तुळशीच्या प्रजातीची, म्हणजे ऑसिममची, खूण. सब्जात ती आहे, रामतुळशीत आहे, देवघरातल्या तुळशीत आहे.

मुलाने आणलेल्या फांदीवरील निदलपुंजात इरले नव्हते. सुमारे सेंटिमीटरभर लांबीची, दहा कंगोऱ्यांची नळी. तिच्या तोंडावर पाच दाते, पाचही सारखे आणि सुईसारखे ताठ. आत तोंडाशी केसांचे कडे. कपड्यांना चिकटत होते ते हेच दाते. शेळ्यामेंढ्यांच्या अंगावरच्या केसांत अडकून ते गावोगाव जातात.

हे दिसल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप दिसू लागल्या. दिसत त्या आधीही होत्याच! तुळशीच्या मंजरीला फांदीच्या टोकाशी पेरापेरावर फुलांची कडी असतात. प्रत्येक कड्यात साधारणपणे सहा फुले, तीन इकडे, तीन तिकडे. आमच्या टेकडीवरच्या झाडाला अशी मोकळी मंजरी नव्हतीच. पानांच्या बगलेत, लहान देठांवर, दोन ते पाच निळसर जांभळ्या फुलांचे झुबके होते. बी पाहा. सब्जाचे बी लंबगोल आणि साधारण २ मिलिमीटर लांब असते. आमचे बी ३ ते ४ मिलिमीटर लांब, चपटे, आणि एका टोकाला किंचित खाच असलेले. तुळशीच्या प्रत्येक निदलपुंजात चार दाणे धरतात. आमच्यात बहुधा दोनच. (शास्त्रीय भाषेत हे दाणे म्हणजे नुसते बी नव्हे, फळाचे विभाग आहेत आणि प्रत्येकात एकेक बी असते. पण व्यवहारात सगळे त्यांना बीच म्हणतात.)

फुलाचीही एक गंमत आहे आणि ती शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावी. आधी माळावरचा तुंबा घ्या. त्याचे चार पुंकेसर वरच्या ओठाखाली, छपराखाली उभे राहावे तसे असतात, म्हणून माशीच्या पाठीला पराग लागतात. तुळशीचे पुंकेसर खालच्या ओठावर पहुडलेले असतात, म्हणून माशीच्या पोटाला पराग लागतात. टेकडीवरच्या आमच्या झाडाचे पुंकेसरही खालीच असतात, पण ते मोकळे नसतात. खालच्या ओठाचा मधला भाग होडीसारखा खोलगट असतो आणि पुंकेसर त्यात ताणून कोंडलेले असतात. सकाळी नुकतेच उमललेले फूल शोधा आणि टाचणीच्या टोकाने ती होडी हलकेच दाबा. होडी झटकन खाली पडते, पुंकेसर उसळून वर येतात आणि टाचणीवर परागांचा सडा पडतो. ताणलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा अशीच मोकळी होते. हे एका फुलात एकदाच घडते. म्हणून माशी येऊन गेलेल्या फुलावर प्रयोग साधत नाही आणि मुले हिरमुसतात. पाचसहा फुले हाताशी ठेवावीत. ऑसिममच्या फुलात हा सापळा नसतो.

मग हे झाड कोणते? आपल्याकडे यालाही रानतुळस म्हणतात, जंगली तुळस म्हणतात. काही ठिकाणी विलायती तुळस म्हणतात; मला तेच नाव योग्य वाटते. मूळ घर उष्ण कटिबंधातील अमेरिका. लिनीअसने १७५९ साली तिला बॅलोटा सुआव्हिओलेन्स असे नाव दिले. सुआव्हिओलेन्स म्हणजे सुवासिक. १८०६ साली तिला हिप्टिस या प्रजातीत नेले आणि सुमारे दोनशे वर्षे ती हिप्टिस सुआव्हिओलेन्स म्हणूनच ओळखली गेली. २०१२ साली या गटाची फेरमांडणी झाल्यापासून ती मेसोस्फीरम सुआव्हिओलेन्स आहे. भारतात ती काही कालपरवा आलेली नाही. हूकर यांच्या ब्रिटिश इंडियाच्या वनस्पतिकोशाच्या १८८५ सालच्या खंडात तिची नोंद आहे. आज ती रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर, तोडलेल्या जंगलात दाटीने वाढते. वासामुळे गुरे तिला खात नाहीत आणि तिच्या दाटीत गवत टिकत नाही. आजीने जे एका वाक्यात सांगितले होते ते हेच.

खरी रानतुळस वेगळी. पठारावरच्या कोरड्या भागात, बांधावर, पडीक शेतात पावसाळ्याच्या शेवटी ती उगवलेली दिसेल. वीतभर ते हातभर उंचीचे, एका वर्षाचे रोप. फार तर गुडघ्यापर्यंत येईल. पाने अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, अडीच ते पाच सेंटिमीटर लांब. फुले पांढरी किंवा किंचित गुलाबी आणि इतकी लहान की पाकळ्यांची नळी ५ मिलिमीटरच्या आसपास भरते. चार पुंकेसरांपैकी वरच्या दोघांच्या बुडाशी केसांचा एकेक झुपका पाहा. भिंगातून तो स्पष्ट दिसतो. निदलपुंजावर इरले असतेच. बी काळे आणि पाण्यात छान फुगणारे. सब्जा हिचा जवळचा नातेवाईक. पण त्याची पाने रुंद असतात आणि फुले मोठी. दोघांचा संकरही होतो आणि तो माणसाने लागवडीतही आणला आहे. त्यामुळे बागेजवळ सापडलेल्या रोपाबाबत निकाल देण्याची घाई करू नये.

रामतुळस ओळखायला सोपी. ते झुडूप आहे, माणसाच्या उंचीचे किंवा त्याहूनही उंच. पाने हाताच्या तळव्याएवढी, करवती दातांची. फुले फिकट, मळकट पिवळसर. पिकलेल्या फळाच्या निदलपुंजाचे तोंड पाहा. खालचे दोन दाते वर वळून इरल्याला टेकलेले असतात आणि तोंड मिटलेले असते. रानतुळशीचे तोंड उघडे असते. मात्र रामतुळस हे नाव काही घरांत हिरव्या पानांच्या साध्या तुळशीलाही लावतात, म्हणजे इथेही घोटाळा आहेच.

आता नावांचा विनोद पाहा. बांधावरच्या या खऱ्या रानतुळशीला लिनीअसने १७५५ साली नाव दिले ऑसिमम अमेरिकानम. आणि ती मुळात अमेरिकेची नाहीच! आफ्रिका, अरबस्तान आणि आपला भारतीय उपखंड हे तिचे घर. म्हणजे जी इथली, तिच्या नावात अमेरिका. आणि जी खरोखर अमेरिकेहून आली, तिला आपण रानतुळस म्हणून उंबऱ्याच्या आत घेतले. वृंदावनातल्या तुळशीलाही दोन नावे आहेत. पुष्कळ पुस्तकांत ऑसिमम सँक्टम, म्हणजे पवित्र तुळस, असे नाव आढळते. ते लिनीअसने १७६७ साली दिले. पण त्यानेच १७५३ साली याच झाडाला ऑसिमम टेन्युइफ्लोरम, म्हणजे नाजूक फुलांची तुळस, असे नाव देऊन ठेवले होते. आधीचे नाव ग्राह्य, असा नियम आहे. पावित्र्याला इथे सवलत नाही.

तुम्हाला अशी फांदी सापडली तर नाव शोधण्याआधी वर्णन लिहा. बाईंनी मुलांना हेच शिकवले आणि मीही त्यांच्याबरोबर बाकावर बसून शिकलो. जागा कोणती, जमीन कशी, तारीख काय, उंची किती. मग खोड, पान (पट्टीने मोजून, किमान दहा पाने), फुलांची मांडणी, निदलपुंजाचे दाते, पुंकेसर, बी. फुलांचा रंग जागेवरच लिहावा, दाबलेल्या नमुन्यात तो उडतो. वास सर्वांत शेवटी लिहा आणि ‘तुळशीसारखा’ असे लिहू नका. लवंग, ओवा, कापूर, लिंबू, यांतले काय आठवते ते लिहा. चव घेऊन ओळख पटवायला जाऊ नका, आणि अनोळखी झाडाचे बी सब्जा समजून सरबतात तर मुळीच घालू नका. फुले-फळे असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, रोज कागद बदलत सुकवली की नमुना वर्षानुवर्षे टिकतो. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात असे दाबून ठेवलेले नमुने जपलेले आहेत.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश १९०१ ते १९०८ या काळात ज्यांनी प्रसिद्ध केला ते थिओडोर कुक मूळचे अभियंते होते, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. हे कळल्यावर मला जरा धीर आला. फरक एवढाच की त्यांनी निदलपुंज पाहिला होता.

टेकडीचे काय झाले? बाईंनी फळ दाखवले त्या आठवड्यापासून आम्ही उपटायला लागलो. तीन शनिवार मुले, मी आणि दोन शिक्षक उतारावर वाकलेले होतो. पिकलेली फळे झडू नयेत म्हणून झाड उपटायच्या आधी त्यावर पोते घालायचे, ही युक्ती ज्याने मूळ फांदी आणली त्याच मुलाची. २०१९ मध्ये पुन्हा उगवले, पुन्हा उपटले. २०२० च्या पावसाळ्यात करोनामुळे शाळा बंद होती, टेकडीवर कोणी फिरकले नाही, आणि झाडांनी एका हंगामात दोन वर्षांची मेहनत भरून काढली. तेव्हापासून दरवर्षी सप्टेंबरात, फुले येण्याच्या सुमारास, आम्ही जातो. गेल्या खेपेला एक पोतेही भरले नाही. खालच्या अंगाला कुसळी गवत परतले आहे आणि आजीच्या शेळ्याही.

तो मुलगा आता कृषी महाविद्यालयात आहे. मागच्या कार्तिकात त्याने मला पाकिटातून एक दाबलेली फांदी पाठवली, वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची. सोबत वर्णन होते. त्याची पहिली ओळ अशी: ‘निदलपुंजाचा वरचा दाता रुंद, गोल, खालचे चार टोकदार.’ वासाबद्दल शेवटी लिहिले होते: ‘लिंबू.’